करार, अधिसूचना आणि परतूरचा मोंढा

कोणत्या देशाकडून काय घ्यायचे, कोणाला काय विकायचे आणि बंदरावर किती शुल्क लावायचे, हे व्यापार धोरण ठरवते. कोणाशी जवळीक ठेवायची, कोणावर दबाव आणायचा आणि अडचणीत कोणाला हात द्यायचा, हे परराष्ट्र धोरण ठरवते. कागदावर ही दोन कामे वेगळी आहेत, पण जहाजात भरलेल्या मालात ती वेगळी काढता येत नाहीत. मोझांबिकहून येणारी तूर हा आफ्रिकेतल्या एका मित्रदेशाला दिलेला शब्द असतो आणि जालना जिल्ह्यातल्या परतूरच्या तुरीला उभा राहिलेला स्पर्धकही असतो. या दोन धोरणांची सांगड घालण्याचे काम दिल्लीत होते. ती नीट बसली की नाही, हे मात्र परतूरसारख्या तालुक्याच्या मोंढ्यात कळते.

या विषयाचा अभ्यास बहुधा करारांच्या मसुद्यांवरून आणि शिष्टमंडळांच्या निवेदनांवरून केला जातो. मोंढ्यातल्या कामाचा अनुभव त्याला एक वेगळी बाजू जोडतो. अडतीच्या दुकानातला मुनीम, जिनिंगचा व्यवस्थापक, हमीभाव केंद्रावरचा ग्रेडर आणि शेतकरी उत्पादक कंपनीचे काम पाहणारा माणूस यांना परराष्ट्र धोरण हा शब्द रोज वापरावा लागत नाही. त्याचे परिणाम मात्र त्यांच्या वहीत रोज चढतात.

निर्णय कुठे होतो

आयात-निर्यातीचे नियम वाणिज्य मंत्रालयाखालचे परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तोंडचे ‘डीजीएफटी’, काढते. त्याला आधार १९९२ च्या परकीय व्यापार (विकास व नियमन) कायद्याचा आहे. एखादा माल ‘मुक्त’, ‘निर्बंधित’ की ‘प्रतिबंधित’, हे या कार्यालयाच्या अधिसूचनेने ठरते. आयात शुल्क मात्र वाणिज्य मंत्रालयाच्या हातात नाही; ते सीमाशुल्क कायद्याखाली अर्थ मंत्रालय कमी-जास्त करते. डाळी आणि खाद्यतेल यांच्या किरकोळ भावांवर ग्राहक व्यवहार विभागाची नजर असते. हमीभावाची शिफारस कृषिमूल्य आयोग करतो. हमीभावाने कापूस घेणारे भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली येते. परदेशाशी बोलणी, दौरे आणि दूतावास परराष्ट्र मंत्रालयाचे. एवढ्या सगळ्यांची मते टिपणीच्या रूपाने फिरतात, आंतरमंत्रालयीन बैठक होते आणि मोठा विषय असेल तर मंत्रिमंडळासमोर जातो.

या बैठकीत प्रत्येक खाते आपले वेळापत्रक घेऊन बसते. परराष्ट्र खात्याचे वेळापत्रक दौऱ्यांचे असते: पंतप्रधान किंवा परराष्ट्रमंत्री एखाद्या राजधानीत जाणार असतील, तर सहीसाठी काहीतरी तयार हवे. ग्राहक खात्याचे वेळापत्रक सणांचे आणि महागाईच्या आकड्यांचे असते. अर्थ खात्याचे अंदाजपत्रकाचे. शेताचे वेळापत्रक, म्हणजे जूनमधली पेरणी, दिवाळीच्या आसपासचे सोयाबीन, त्यामागून कापसाची वेचणी आणि डिसेंबर-जानेवारीतली तुरीची काढणी, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ते मांडण्याची जबाबदारी कोणा एकाची नसते. व्यापार आणि परराष्ट्र धोरणाच्या सांगडीत जो टाका उसवतो, तो बहुधा याच ठिकाणचा असतो.

परतूरची जागा

परतूरला व्यापार आणि परराष्ट्र धोरणाचा हा संबंध नवा नाही. हा भाग निजामाच्या राज्यात होता. अठराव्या शतकाच्या शेवटी तैनाती फौजेचे तह झाले आणि हैदराबादचे स्वतंत्र परराष्ट्र संबंध संपले. लगेच १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीबरोबर व्यापारी तह झाला आणि दोन्ही मुलखांत ये-जा करणाऱ्या मालावर पाच टक्के जकात ठरली. म्हणजे आधी राजकीय तह आणि त्याच्या पाठोपाठ जकातीचा तह, हा क्रम मराठवाड्याने दोनशे वर्षांपूर्वी पाहिला आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–मनमाड मार्गावर मीटरगेज रेल्वे आली, परतूरला स्टेशन झाले आणि इथला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून त्यात आला. मुंबईजवळच्या बंदराला जोडणारा ड्राय पोर्ट जालन्याजवळ उभारायचे ठरले आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले.

आज या भागाची मुख्य पिके कापूस, सोयाबीन आणि तूर. तिन्ही पिकांचा भाव परतूरमध्ये ठरत नाही. कापसाच्या मागे बांगलादेश, चीन, अमेरिका आणि कधीकाळी पाकिस्तान उभे असतात. तुरीच्या मागे मोझांबिक, म्यानमार आणि मलावी. सोयाबीनच्या मागे तेलासाठी इंडोनेशिया, मलेशिया आणि अर्जेंटिना, तर पेंडीसाठी परदेशातले खरेदीदार.

मोंढ्यातली सकाळ बाहेरून पाहणाऱ्याला एकसारखी दिसते. गाड्या लागतात, ढीग पडतात, हमाल पोती सोडतात. खरेदीदार ढिगात हात घालून मूठभर दाणे काढतो, एक दाताखाली फोडतो, मग ओलावा मोजायचे यंत्र लावले जाते. हर्राशी सुरू होते, भाव फुटतो, मापाडी वजन करतो आणि मुनीम हमाली-तोलाई वजा करून पट्टी लिहितो. फरक पडतो तो आदल्या रात्री अधिसूचना निघालेली असली की. ती सकाळपर्यंत प्रत्येक व्यापाऱ्याच्या मोबाइलवर पोचलेली असते. पहिली बोली कालच्यापेक्षा शंभर-दोनशेने खाली लागते आणि शेतकरी विचारतो, “काल तर चांगला होता, आज काय झालं?” मुनिमाचे उत्तर ठरलेले असते: “वरून नोटिफिकेशन आलंय.” या उत्तरात देशाचे नाव नसते. कोणत्या देशाशी कोणत्या तारखेला काय ठरले, हे त्या ढिगाशेजारी कोणी सांगत नाही.

तूर : दिलेला शब्द आणि पडलेला भाव

तुरीचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. २०१४ आणि २०१५ ही मराठवाड्यात लागोपाठ दुष्काळाची वर्षे होती. २०१५ मध्ये शहरांत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली. सरकारने दोन मार्ग एकाच वेळी धरले. देशात पेरा वाढावा म्हणून २०१६-१७ साठी तुरीचा हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये जाहीर केला. दुसरीकडे ७ जुलै २०१६ रोजी पंतप्रधानांच्या दौऱ्यात मोझांबिकशी सामंजस्य करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन आणि २०२०-२१ पर्यंत वाढवत दोन लाख टन तूर व इतर डाळी तिथून घ्यायच्या.

परराष्ट्र धोरणाच्या बाजूने हा करार नेमका होता. हिंदी महासागराच्या काठच्या त्या देशात भारताची नैसर्गिक वायूत गुंतवणूक आहे. तिथला छोटा शेतकरी तूर लावतो ती मुख्यतः भारतासाठी, कारण ती त्याच्या रोजच्या खाण्यात फारशी नाही. खात्रीचे गिऱ्हाईक देणे हा मैत्रीचा सर्वांत टिकाऊ प्रकार. व्यापाराच्या बाजूनेही हिशेब बसत होता. मोझांबिकची तूर ऑगस्टपासून निघते आणि भारतात पोचते ती इथल्या जुन्या मालाचा साठा आटत असताना. मराठवाड्याची तूर तेव्हा शेतात फुलोऱ्यात असते. म्हणजे दोन हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत, एवढे नियोजन त्यात होते.

बिघाड दुसरीकडे झाला. २०१६ चा पावसाळा चांगला गेला. देशाचे तुरीचे उत्पादन आधीच्या वर्षीच्या सुमारे २५.६ लाख टनांवरून ४८.७ लाख टनांवर गेले. २०१७ च्या सुरुवातीला मराठवाड्यातल्या अनेक खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. बारदाना संपला, ग्रेडर कमी पडले, गोदामे भरली. खुल्या बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेला. आयातीवर दहा टक्के शुल्क लागले ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. २२ एप्रिलपर्यंत केंद्रावर आलेली तूर घेऊ, असे राज्य सरकारला जाहीर करावे लागले. आयातीला वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा आली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि त्यातूनही सरकारी करारांखाली येणारा माल वगळला गेला.

या क्रमाकडे खरेदी केंद्रावर काम करणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर दोष कराराचा दिसत नाही. परदेशाला दिलेला शब्द पाळला गेला, आणि तो पाळलाच पाहिजे होता. एका हंगामात भाव पडला म्हणून करार मोडणारा देश पुढच्या दुष्काळात कोणाकडे तोंड घेऊन जाणार? दोष तारखांचा होता. पिकाचा अंदाज काढणीच्या आधीच आला होता. शुल्क तेव्हाच लागले असते, तर खासगी आयात आवरली असती आणि कराराच्या मालाला धक्का लागला नसता. मार्चपर्यंत लहान शेतकऱ्याची तूर विकून झालेली होती. उशिरा आलेल्या शुल्काचा लाभ साठा करू शकणाऱ्याला मिळाला.

पुढे हाच ढाचा विस्तारला. मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा ‘मुक्त’ झाली. त्याच वर्षी म्यानमारकडून दर वर्षी अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर आणि मलावीकडून ५० हजार टन तूर पाच वर्षे घेण्याचे ठरले. मोझांबिकचा दोन लाख टनांचा करारही आणखी पाच वर्षांसाठी वाढला. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली होती. पाश्चात्त्य देश निर्बंध लावत असताना भारताने डाळींचा व्यवहार चालू ठेवला, कारण ईशान्येची सीमा आणि चीनचा शेजार हे प्रश्न डाळीपेक्षा मोठे होते. मोझांबिक आणि म्यानमारच्या तुरीत मोंढ्याच्या दृष्टीने एक महत्त्वाचा फरक आहे: म्यानमारची तूर जानेवारीच्या पुढे निघते, म्हणजे इथल्या तुरीच्या तोंडावर. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेला ‘बीडीएन ७११’ हा पांढऱ्या तुरीचा वाण दीडशे-एकशे साठ दिवसांत तयार होतो. या भागातला माल तो लवकर बाजारात आणतो, आणि ही लवकर येण्याची आघाडी आयातीच्या तारखेवर टिकते किंवा जाते.

पिवळ्या वाटाण्यानेही तारखेचे हेच महत्त्व दाखवले. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाशी संबंध टोकाचे बिघडले, व्यापार कराराची बोलणी थांबली. तरी मसुराची जहाजे थांबली नाहीत, आणि डिसेंबरमध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली तेव्हा मोठे पुरवठादार कॅनडा आणि रशिया हेच होते. राजकीय भांडण एका खोलीत आणि डाळीचा व्यवहार दुसऱ्या खोलीत ठेवण्याचे हे कौशल्य होते. पण तुरीला स्वस्त पर्याय ठरणाऱ्या या वाटाण्यावरची सवलत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेलेली तूर २०२५ च्या हंगामात अनेक बाजारांत ७५५० रुपयांच्या हमीभावाखाली आली, आणि वाटाण्यावर तीस टक्के शुल्क लागले ते १ नोव्हेंबर २०२५ पासून.

कापूस : गिऱ्हाईक देश आणि त्यांची भांडणे

कापसाचा हिशेब तुरीहून वेगळा, कारण इथे परतूर विकणाऱ्याच्या बाजूला आहे. जिनिंगचा व्यवस्थापक सकाळी तीन आकडे पाहतो: न्यूयॉर्कचा वायदा, रुईचा खंडीचा भाव आणि सरकीचा भाव. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो रुई. गाठ १७० किलोची. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरलेली सरकी. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. शेतकऱ्याला देता येणारा भाव या तीन आकड्यांतून उलटा काढला जातो.

५ मार्च २०१२ रोजी कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी आली. आदल्या वर्षी भाव सहा-सात हजारांपर्यंत गेल्याने अनेक शेतकऱ्यांनी त्या मार्चपर्यंत घरात कापूस ठेवला होता. देशातल्या कापडगिरण्यांना पुरेसा माल राहावा, हे बंदीचे कारण होते. निर्यातीसाठी ठरवलेल्या शिलकीपेक्षा जास्त, सुमारे ९४ लाख गाठी बाहेर गेल्या होत्या. सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होते आणि तिथल्या कापूस संघटनेने उघड नाराजी दाखवली. तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी, आपल्याला विचारलेच गेले नाही, असे जाहीरपणे सांगितले. आठवडाभरात बंदी सैल करावी लागली. एका मंत्रालयाने दुसऱ्याला न विचारता निर्णय घेतला की काय होते, याचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. देशातल्या वादापेक्षा त्याचा लांब टिकणारा परिणाम म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास. सौदा झाल्यावर माल येईल की नाही, ही शंका एकदा आली की गिऱ्हाईक भावात ती वजा करते.

पाकिस्तानच्या बाबतीत क्रम उलटा आहे. तिथे परराष्ट्र धोरणाने व्यापार पूर्ण बाजूला सारला. पुलवामा हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानचा ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ हा दर्जा काढला आणि तिथून येणाऱ्या मालावर दोनशे टक्के शुल्क लावले. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला. तिथल्या गिरण्यांना कापूस हवा होता. ३१ मार्च २०२१ रोजी त्यांच्या आर्थिक समन्वय समितीने भारतातून कापूस व साखर आणायला मान्यता दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळाने ती फिरवली. जिनिंगवाल्यांसाठी ही एक दिवसाची तेजी होती. अशा वेळी तोटा राष्ट्रीय हितासाठी सोसला जातो, आणि लोक तो सोसतातही. कारण त्यामागचा हेतू उघड असतो.

बांगलादेश हे भारतीय कापसाचे मोठे गिऱ्हाईक, म्हणून तिथली उलथापालथ परतूरपर्यंत येते. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता बदलली. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशच्या मालाला भारतीय बंदरे-विमानतळांतून पुढे पाठवायची सोय काढली. त्याच महिन्यात बांगलादेशने जमिनीच्या नाक्यांवरून भारतीय सुताची आयात बंद केली. मे महिन्यात भारताने त्यांचे तयार कपडे जमिनीमार्गे घेणे थांबवले. रुईची जहाजे चालू राहिली, पण सूतगिरण्यांचा एक सोपा रस्ता बंद झाला, आणि गिरणीची मागणी मंदावली की जिनिंगची उचलही मंदावते.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण ऑगस्ट २०२५ चे. अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि रशियन तेलाचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावले. ७ ऑगस्टला पंतप्रधानांनी शेतकरी, मच्छीमार आणि दूध उत्पादक यांच्या हिताशी तडजोड नाही, असे सांगितले होते. १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले आणि पुढे ते ३१ डिसेंबरपर्यंत माफच राहिले. अधिकृत कारण कापड उद्योगाचे होते आणि ते खरेही होते: अमेरिकेत पन्नास टक्के शुल्क भरून कपडे विकायचे, तर कच्चा माल स्वस्त हवा. पण अमेरिका स्वतः कापूस विकणारा देश आहे, म्हणून या सवलतीकडे बोलण्यांच्या टेबलावरचा संकेत म्हणूनही पाहिले गेले.

परतूरला याचा अर्थ आकड्यात असा लागतो. समजा बंदरावर रुई ५० हजार रुपये खंडीने पडते. ११ टक्के म्हणजे साडेपाच हजार. खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. शुल्क पूर्ण माफ झाले की क्विंटलमागे सव्वापाचशे रुपयांचा आधार निघून जातो. सवलतीच्या तारखा पाहिल्या, तर ऑक्टोबर ते डिसेंबर या पहिल्या वेचणीच्या तीन महिन्यांवर त्या नेमक्या बसतात. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता, त्यामुळे सगळा भार सीसीआयच्या खरेदीवर आला. ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावरचा पीकपेरा, ओलाव्याची अट हे सगळे पार केले तरच हमीभाव, नाहीतर खासगी भाव. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने भिजलेला कापूस ओलाव्याच्या अटीत बसवणे सोपे नव्हते. अशा सवलतीची भरपाई देशातल्या खरेदी केंद्राने करायची, हा मार्ग चुकीचा नाही. पण मग केंद्र उघडण्याची तारीख सवलतीच्या तारखेआधी असावी लागते.

सोयाबीन : नाव न घेता दिलेला इशारा

सोयाबीनमध्ये दोन वेगळे माल दडलेले असतात, तेल आणि पेंड. दोन्हींची परराष्ट्र नीती वेगळी. परतूरचा व्यापारी लातूरच्या प्लांटचे भाव पाहून बोली लावतो आणि प्लांट तेल-पेंडीचा हिशेब करून भाव देतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथीर यांनी संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवरून भारतावर टीका केली. ८ जानेवारी २०२० रोजी शुद्ध केलेले पामतेल ‘निर्बंधित’ झाले. अधिसूचनेत मलेशियाचे नाव नव्हते. असे तेल पाठवणारा मोठा देश तोच होता, एवढे पुरेसे होते. कच्चे पामतेल मोकळे राहिल्याने देशातल्या तेल शुद्धीकरण कारखान्यांनाही काम मिळाले. परराष्ट्र धोरणाचा इशारा आणि उद्योगाचे हित एकाच ओळीत बसवणारे हे साधन होते. पुढे मलेशियात सरकार बदलल्यावर व्यवहार पुन्हा रुळावर आले.

इराणचे उदाहरण याच्या उलट. अमेरिकी निर्बंधांमुळे भारत इराणच्या तेलाचे पैसे रुपयांत युको बँकेतल्या खात्यावर जमा करी आणि त्या रुपयांतून इराण इथली सोयापेंड, बासमती, चहा घेई. मे २०१९ मध्ये अमेरिकेची सूट संपली, भारताने इराणी तेल थांबवले आणि खात्यात नवे रुपये पडणे बंद झाले. पेंडीचे एक भरवशाचे गिऱ्हाईक हळूहळू आटले. इथे व्यापार खात्याने काहीच केले नव्हते. तेलाचा निर्णय घेणाऱ्यांच्या फायलीत सोयापेंड होतीच असे नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात असताना कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून १२ लाख टन जनुकीय बदल केलेली (जीएम) सोयापेंड आणायला परवानगी मिळाली. नवे सोयाबीन मोंढ्यात यायला महिनाच होता आणि भाव वेगाने उतरले. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर वीस टक्के मूळ शुल्क लागले, तेव्हा तारीख हंगामाच्या बाजूने होती. मे २०२५ च्या अखेरीस ते दहावर आले, म्हणजे पेरणीच्या तोंडावर.

सांगड कशी बसते

या सगळ्या उदाहरणांतून काम करणाऱ्यांनी शिकलेल्या काही गोष्टी निघतात.

पहिली, प्रमाण ठरलेले असावे. ठराविक टनांचा सरकारी करार बाजाराला पचतो. ‘मुक्त’ या एका शब्दाने उघडलेले दार पचत नाही. ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या करारात ५१ हजार टन कापूस शुल्कमुक्त येऊ शकतो. हा आकडा लहान आणि आधीपासून माहीत असल्याने जिनिंगवाला तो धरून चालतो.

दुसरी, बंदीतही मित्राला वाट ठेवता येते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तरी मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशला ५० हजार आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा द्यायची परवानगी निघाली. नाशिकच्या शेतकऱ्याचा बंदीबद्दलचा राग त्याने कमी झाला नाही, पण मित्रदेशांना दिलेला शब्द राहिला.

तिसरी, झालेल्या सौद्यांना संरक्षण हवे. बिल ऑफ लेडिंग किंवा लेटर ऑफ क्रेडिट आधीच्या तारखेचे असेल, तर माल सोडण्याची तरतूद परकीय व्यापार धोरणात आहे. तिचा वापर जितका काटेकोर, तितकी गिऱ्हाइकाची शंका कमी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, तारीख पेरणीआधी कळावी. पेरणीनंतर बदललेले धोरण शेतकऱ्याला काही शिकवत नाही, कारण त्या हंगामात पीक बदलणे त्याच्या हाती उरलेले नसते. मे महिन्यात बियाणे घेताना तुरीच्या आयातीची मुदत, खाद्यतेलाचे शुल्क आणि कापसाची सवलत या तीन गोष्टी ठरलेल्या असतील, तर परतूरचा शेतकरी किती एकर कशाला द्यायचे हे स्वतः ठरवू शकतो. मग मोझांबिकशी करार असो की अमेरिकेशी बोलणी, त्याची किंमत काय आणि ती कोण भरणार, हे आधी माहीत असते. बैठकीत परराष्ट्र आणि वाणिज्य या दोन खात्यांच्या जोडीला कृषी खात्याचे पेरणी-काढणीचे वेळापत्रक मसुद्यालाच जोडलेले असणे, हा त्यासाठीचा साधा उपाय आहे. त्याला नवा कायदा लागत नाही. टिपणीवर एक रकाना वाढवला की काम होते: हा आदेश लागू होईल त्या दिवशी पीक शेतात असेल, मोंढ्यात असेल की विकून झालेले असेल.